अर्नोल्ड लन

सर अर्नोल्ड हेन्री मूर लन (१८ एप्रिल १८८८, मद्रास – २ जून १९७४, लंडन) हे ब्रिटिश स्कीपटू, गिर्यारोहक, लेखक आणि संपादक होते. पर्वताच्या उतारावरून होणाऱ्या आधुनिक स्की-शर्यतींचे नियम मुख्यतः त्यांनी घडविले. हिवाळी ऑलिंपिकमधील स्लालम ही शर्यत त्यांनी १९२२ साली आखलेल्या स्पर्धेतून विकसित झाली आहे.

बालपण आणि हिवाळी सहली

अर्नोल्ड यांचे वडील हेन्री लन हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक व डॉक्टर होते. मिशनच्या कार्यासाठी ते मद्रासला आले असताना अर्नोल्ड यांचा जन्म झाला. हेन्री यांचा भारतातील मुक्काम अल्पकाळच टिकला. इंग्लंडला परतल्यावर ते प्रवासी सहलींच्या व्यवसायात शिरले आणि त्यातच त्यांचे नाव झाले. १८९८ च्या हिवाळ्यात त्यांनी फ्रान्समधील शामोनी येथे इंग्रज प्रवाशांची सहल नेली. तेथे दहा वर्षांच्या अर्नोल्ड यांनी पहिल्यांदा पायांत स्की बांधल्या.

त्या काळी आल्प्समधील बहुतेक हॉटेले हिवाळ्यात बंद असत. परदेशी स्की-सहल आखायची म्हणजे आधी हॉटेलमालकाला राजी करणे, मग गाडीची व्यवस्था करणे आणि त्यानंतर पाहुणे गोळा करणे अशी ती खटपट होती. स्वित्झर्लंडमधील म्युरेन हे सुमारे १,६५० मीटर उंचीवरील खेडे हेन्री यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात प्रवाशांसाठी उघडले. त्यासाठी तेथील डोंगरी रेल्वे हिवाळ्यातही चालू ठेवण्यास त्यांनी संबंधितांचे मन वळविले. या सहली ज्या क्लबमार्फत होत, त्याचे सभासदत्व प्रतिष्ठित शाळा, विद्यापीठे व लष्कर यांतील मंडळींपुरते मर्यादित होते. स्कीइंगच्या प्रारंभीच्या इतिहासातील ही वर्गीय चौकट दुर्लक्षून चालणार नाही.

अपघात

ऑक्सफर्डला शिकत असताना जानेवारी १९०९ मध्ये लन यांनी प्राध्यापक रोजे यांच्यासमवेत बर्नीज ओबरलांडच्या हिमनद्या स्कीवरून पार केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेल्समधील काडर इद्रिस या डोंगरावर चढत असताना खडक निसटून ते खाली कोसळले. उजवा पाय अनेक ठिकाणी मोडला आणि तो कायमचा दोन-तीन इंचांनी आखूड राहिला. जखम पुढे कित्येक वर्षे वाहत होती. पहिल्या महायुद्धात सैन्याने त्यांना अपात्र ठरविले. त्यांनी स्कीइंग मात्र सोडले नाही. उलट, जून १९१७ मध्ये योसेफ क्नुबेल या वाटाड्यासह ते ४,५४५ मीटर उंचीच्या डोम शिखरावर स्कीच्या साहाय्याने पोहोचले. या शिखरावरील ही पहिली स्की-चढाई होय.

हिमाचा अभ्यास

लन यांच्या लेखनातील हा भाग आज सर्वांत कमी वाचला जातो. वास्तविक तोच अधिक मोलाचा आहे. ‘अल्पाइन स्कीइंग ॲट ऑल हाइट्स अँड सीझन्स’ (१९२१) या पुस्तकात त्यांनी हिमाचे प्रकार आणि त्यांवर ऊन, वारा व उंची यांचा होणारा परिणाम यांचे विवेचन केले. कडाक्याच्या थंडीत, वारा नसताना पडलेले हिम पिठासारखे कोरडे व हलके राहते. त्यालाच ‘पावडर स्नो’ म्हणतात. स्की त्यात बुडून अलगद घसरतात, वळणे घेणे सुखाचे होते आणि पडल्यास इजाही कमी होते. दक्षिणेकडील उतारावर दुपारच्या उन्हाने हे हिम वितळते व रात्री गोठून त्यावर कडक पापुद्रा धरतो. उत्तरेकडील सावलीच्या उतारावर ते बरेच दिवस टिकते. वाऱ्याने ढकललेले हिम एका जागी दाटून बसते व तीव्र उतारावरून हिमलोट होऊन सुटू शकते. म्हणून केवळ नकाशा पाहून सहल आखणे पुरेसे नसते. कोणत्या उतारावर कोणत्या महिन्यात आणि किती वाजता पोहोचायचे, हेही ठरवावे लागते. वसंतात उंच हिमनद्यांवरून उत्तम स्कीइंग करता येते, हे इंग्रज वाचकांना पटविण्यात लन यांचा मोठा वाटा होता.

शर्यती

जानेवारी १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे लन यांनी ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ चषकाची शर्यत भरविली. चषकाला नाव देणारे लॉर्ड रॉबर्ट्स हे कानपूरला जन्मलेले आणि १८८० च्या काबूल-कंदाहार मोहिमेमुळे गाजलेले सेनापती होत. स्पर्धक आदल्या दिवशी चढून डोंगरावरील झोपडीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी प्लेन मोर्त हिमनदीवरून गावापर्यंत उतरले. वाट आखलेली नव्हती, हिमही कोणी दाबून ठेवलेले नव्हते. आपापली वाट शोधणे हाच कसोटीचा भाग होता.

२१ जानेवारी १९२२ रोजी म्युरेन येथे त्यांनी स्लालमची नवी पद्धत अमलात आणली. तोवर वळणांच्या डौलाला गुण देत. लन यांनी निशाणांच्या जोड्या रोवल्या आणि केवळ वेळ मोजला. झाडीतून वेगाने उतरताना जे वळण उपयोगी पडते तेच चांगले, अशी त्यांची भूमिका होती. १९२४ मध्ये त्यांनी कंदाहार स्की क्लब स्थापन केला. १९२८ मध्ये ऑस्ट्रियातील सांक्ट आन्टोन येथे हान्नेस श्नायडर यांच्यासह आर्लबर्ग-कंदाहार शर्यत सुरू केली. स्कँडिनेव्हियन देशांचा प्रारंभी या प्रकारांना विरोध होता. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने त्यांना मान्यता दिली आणि १९३१ मध्ये म्युरेन येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत स्त्रियांच्याही शर्यती होत्या.

१९३६ च्या गार्मिश ऑलिंपिकमध्ये लन स्लालमचे पंच होते. त्यांचे पुत्र पीटर हे ब्रिटिश संघनायक होते; त्यांनी शर्यतीत भाग घेतला, परंतु नाझी राजवटीच्या निषेधार्थ उद्घाटनाच्या संचलनात जाण्याचे नाकारले. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि श्नायडर यांना अटक झाली. तेव्हा त्या वर्षीची आर्लबर्ग-कंदाहार शर्यत लन यांनी रद्द केली. श्नायडर पुढे अमेरिकेत गेले. लन यांचे राजकारण मात्र सरळ रेषेत बसत नाही. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी फ्रँकोची बाजू घेतली होती.

लेखन आणि उत्तरायुष्य

पहिल्या महायुद्धानंतर सुरू झालेल्या ‘ब्रिटिश स्की इयर बुक’चे संपादन त्यांनी सुमारे अर्धशतक केले. ‘द हॅरोव्हियन्स’ (१९१३) ही कादंबरी त्यांच्या शाळेतील जीवनावर असल्याने वादग्रस्त ठरली. धर्मविषयक वादविवादांतून १९३३ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. १९५२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

शर्यतींचा वेग वाढला तसे उतार दाबून कठीण केले जाऊ लागले, पाळण्यांनी माणसे वर नेली जाऊ लागली आणि गर्दी वाढली. आपणच लोकप्रिय केलेल्या या खेळात नैसर्गिक हिम ओळखण्याची कला लोप पावत आहे, याची खंत लन यांनी उत्तरायुष्यातील लेखनात वारंवार व्यक्त केली. म्युरेनला ते वृद्धापकाळापर्यंत जात राहिले. त्यांच्या कंदाहार क्लबच्या सभासदांनी १९२८ मध्ये सुरू केलेली ‘इन्फर्नो’ शर्यत तेथे आजही जानेवारीत भरते.