आधी सशाला टोचली, मग स्वतःला : प्लेगची लस काढणारे डॉ. हाफकिन

पोलिओचे थेंब पाजायला अंगणवाडीत गेलेल्या बऱ्याच जणांच्या कानावर ‘हाफकिन’ हे नाव पडलेलं असतं. मुंबईत परळला ही संस्था आहे. लस आणि साप चावल्यावरचं औषध यांसाठी ती ओळखली जाते. पण हाफकिन हे एका माणसाचं नाव होतं आणि तो माणूस ना मराठी होता, ना इंग्रज.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात झाला. तेव्हा तिथे रशियाच्या झारचं राज्य होतं, आज ते युक्रेनमध्ये आहे. घर यहुदी. धर्म बदलला असता तर कॉलेजात नोकरी मिळाली असती, तो बदलला नाही म्हणून मिळाली नाही. यहुदी वस्तीवर हल्ले झाले तेव्हा बचावाला उभे राहिले म्हणून अटकही झाली. शेवटी देश सोडला आणि १८८९ मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत पोचले. काम काय मिळालं? ग्रंथालयात मदतनिसाचं. पुस्तकं लावून झाली की उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं.

तिथे त्यांनी पटकीवरची म्हणजे कॉलऱ्यावरची लस काढली ती गिनीपिगच्या जिवावर. गिनीपिग म्हणजे सशापेक्षा लहान, शेपूट नसलेला गरीब प्राणी. हाफकिन यांनी पटकीचे जंतू एका गिनीपिगच्या पोटात सोडले, तो मेल्यावर त्याच्यातले जंतू काढून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, असं एकोणचाळीस वेळा केलं. दरवेळी जंतू जास्त जहाल होत गेले. अशा जंतूंचा मोजका डोस कातडीखाली दिला की शरीर त्या रोगाशी लढायला शिकतं. यासाठी जनावर निरोगीच लागतं. पिंजऱ्यातला प्राणी आधीच आजारी किंवा उपाशी असेल तर तो लसीच्या जंतूने मेला की दुसऱ्याच रोगाने, हे कसं कळणार? म्हणून प्रयोगशाळेत प्राण्याची पैदास, चारा आणि पिंजऱ्याची सफाई हे अर्धं काम असतं. गोठा सांभाळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

१८ जुलै १८९२ ला हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले आणि बंगालच्या वस्त्यांमध्ये लस देत हिंडू लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने हाफकिनना बोलावलं, ते ऑक्टोबरमध्ये आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर काम सुरू झालं. बकऱ्याच्या मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात. मग ऊब देऊन ते मारायचे, की झाली लस. गाई-डुकराचं काही वापरलं असतं तर लोकांनी लस हातात धरली नसती.

डिसेंबरमध्ये सशांना लस दिली आणि नंतर प्लेगचे जंतू टोचले. ससे जगले. पण ससा जगला म्हणजे माणूस जगेल असं नाही. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी पुढे लोकांना द्यायची त्याच्या कितीतरी पट मोठा डोस स्वतःच्या अंगात घेतला. ताप भरला, अंग ठणकलं, तरी काम थांबलं नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली.

ते वर्षच वाईट होतं. मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. घरात शिरणाऱ्या सोल्जरांमुळे लोक खवळले होते, जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. सरकारी सुईवर विश्वास कोण ठेवणार? आगाखानांनी स्वतः टोचून घेतलं, कामाला बंगला दिला, तेव्हा मुंबईत अनेक जण पुढे आले. १० ऑगस्ट १८९९ ला प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. ती आजही तिथेच आहे.

आणि मग मलकोवाल. पंजाबातलं हे एक खेडं. ३० ऑक्टोबर १९०२ ला तिथे १०७ लोकांना लस दिली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही मेले. सरकारने ठपका परळवर ठेवला, हाफकिनना बाजूला केलं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट उकळला नव्हता, ही गोष्ट कागदावर होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपल्याकडे खिळा लागल्यावर इंजेक्शन घेणाऱ्या पोरालाही माहीत आहे. तरी निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. त्यासाठी मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांना इंग्लंडच्या पेपरात पत्र लिहावं लागलं. हा अन्याय होता, दुसरा शब्द नाही. पण ते एकोणीस जणही कुणाचे तरी आई-बाप होते, आणि त्यांच्याबद्दल कुणी पेपरात लिहिलं नाही.

हाफकिन नव्हते त्या काळात परळच्या जागेत प्लेगचं कोडं सुटलं. प्लेग उंदरावरच्या पिसवीतून येतो असं पॉल सिमाँ यांनी १८९८ मध्येच सांगितलं होतं, पण अनेकांना पटलं नव्हतं. पथकाने प्लेगच्या घरात गिनीपिग मोकळे सोडले, ते अंगावर पिसवा घेऊन परतले आणि आजारी पडले. मग पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचावरचे प्राणी मेले, दोन फुटांवरचे वाचले, कारण पिसवीची उडी तेवढी जातच नाही. उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या बांधायच्या, हे खेड्यांतले लोक करत होते ते किती बरोबर होतं, हे त्या मुक्या प्राण्यांनी सिद्ध केलं. १९९४ ला सुरतेत प्लेग आला तेव्हा उधना-लिंबायतच्या आपल्या खान्देशी लोकांनाही तीच धास्ती होती. फरक एवढाच की तेव्हा गोळ्या होत्या.

हाफकिन परत आले ते कलकत्त्याला, पण मोठं काम त्यांना दिलं गेलं नाही. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास ते भारतातून गेले. लग्न केलं नव्हतं. शेवटची वर्षं देवधर्मात घालवली, पैसा यहुदी पाठशाळांना दिला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. १८९७ पासून तोवर मुंबईतून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान गावी त्यांचं निधन झालं.

आज प्राण्यांवर प्रयोग करायला परवानगी लागते, कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. साप चावल्यावर मात्र अजूनही जीव वाचवतो तो घोडा. त्याला विषाचे थोडे थोडे डोस देतात आणि त्याच्या रक्तातून औषध निघतं. सारंगखेड्याच्या बाजारात ज्याची चाल आणि रंग बघून बोली लागते, त्याचाच हा भाऊबंद. सातपुड्यात रात्री कुणाला साप चावला तर भगताकडे न थांबता थेट सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे जी बाटली लावतात, ती अशाच घोड्यांकडून आलेली असते.