रुमालांच्या शोधात सरलेले आयुष्य

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव निघाले की ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे बावीस खंड आठवतात. मात्र हे खंड छापण्याआधीचे त्यांचे काम अधिक बिकट होते. मराठेशाहीचे कागद नेमके कोणाच्या घरात आहेत, याची यादी कोणाकडेच नव्हती.

राजवाडे यांचा जन्म १८६३ मध्ये तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकी केली, ‘भाषांतर’ नावाचे मासिकही चालविले. तरुणपणीच पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

पुण्यातील पेशवे दप्तर तेव्हा ब्रिटिश सरकारच्या ताब्यात होते आणि अभ्यासकांना सहजी खुले नव्हते. शिवाय राज्याचे सगळे कागद तेथे नव्हतेच. सरदार, वकील, सावकार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, मठाधिपती अशा प्रत्येकाचे आपापले दप्तर असे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मोडी कागदांचे हे रुमाल माळ्यावर, बळदात, तळघरात पडून राहिले. काहींना वाळवी लागली, काही रद्दीत गेले. जे उरले, ते दाखविण्यास मालक तयार नसत. इनामांच्या सरकारी चौकशीची धास्ती लोकांच्या मनातून गेली नव्हती. कागद बाहेर काढला तर जमीन जाईल, ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

वाई येथे त्यांच्या हाती पानिपतच्या काळातील पत्रे लागली आणि आयुष्याची दिशा ठरली. १७५० ते १७६१ या वर्षांतील ही पत्रे १८९८ मध्ये साधनांच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाली. तोवर पानिपतची हकिकत बखरी आणि ग्रँट डफच्या १८२६ मधील इतिहासावर विसंबून सांगितली जाई. आता सदाशिवरावभाऊंनी मोहिमेवरून लिहिलेली पत्रेच वाचकांसमोर आली.

संगणकाच्या युगातही असा शोध घ्यावा लागतो. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाच्या संगणकीय किड्याने सुमारे ७५ हजार यंत्रे बाधित केली, त्यांतील बहुतेक अवघ्या दहा मिनिटांत. आपल्या जाळ्यात नोंद नसलेले डेटाबेस सर्व्हर चालू आहेत, हे अनेक कार्यालयांना तेव्हाच कळले. दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या प्रणालींबरोबर ते नकळत बसविले गेले होते. अशा वेळी नोंदवहीवर विसंबून चालत नाही, जाळ्यातील प्रत्येक पत्त्यावर विचारणा करावी लागते. राजवाडे यांनी ही विचारणा पायी केली. पत्र ज्याला लिहिले त्याचे नाव त्यातच असते. त्याच्या वंशजांचे घर म्हणजे पुढचा पत्ता.

मोजके सामान, हाताने रांधलेले अन्न आणि गावोगावची पायपीट असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे आणि साताऱ्याचे पारसनीस हेही त्या काळात कागद गोळा करीत होते. परंतु इतक्या विस्तृत मुलखात एकट्याने फिरणारा दुसरा नव्हता. १९१० मध्ये खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. विखुरलेल्या कागदांना त्यामुळे हक्काचे घर मिळाले. स्वतः राजवाडे मात्र मतभेद होऊन तेथून दूर झाले. स्वभाव करारी, किंबहुना तापट. संस्थेत रमणे त्यांना जमले नाही.

या एकटेपणाची किंमत मराठवाड्यातील एका पोथीने मोजली. निजामी राजवटीतील बीड येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळाली. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली, तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. मूळ पोथी मात्र पुढे नाहीशी झाली. तिचा काळ आणि पाठ यांविषयी वाद झाले, तेव्हा पडताळणीसाठी अभ्यासकांच्या हाती छापील पानांखेरीज काही नव्हते.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाडे यांचे निधन झाले. त्यांचे संग्रह सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध होऊ लागले ते १९३० नंतर. ते पाहण्यास राजवाडे नव्हते.

मराठ्यांविषयीच्या फारसी कागदांचे काम मात्र बरेचसे बाकीच होते. ते पुढे नेणाऱ्यांत शिरूर अनंतपाळच्या शेजारच्या निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे ठळक नाव. मोगल दरबाराची बातमीपत्रे त्यांनी फारसीतून मराठीत आणली.