व्हिक्टर बार्ना

टेबल टेनिसच्या इतिहासात व्हिक्टर बार्ना यांचे नाव आदराने घेतले जाते. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे २४ ऑगस्ट १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. बॅकहँडचा वेगवान फटका हे त्यांच्या खेळाचे वैशिष्ट्य होते. १९३० साली बर्लिन येथे ते एकेरीत प्रथम विश्वविजेते झाले. पुढे १९३२ ते १९३५ अशी सलग चार वर्षे हे पद त्यांच्याकडेच राहिले.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्यांच्यावर आघात झाला. मे १९३५ मध्ये फ्रान्समधील एका मोटार अपघातात त्यांचा उजवा हात जबर जखमी झाला. बॅट धरण्याचा हात तोच! शस्त्रक्रियेने हात वाचला. परंतु एकेरीचे विश्वविजेतेपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. तरीही त्यांनी खेळ सोडला नाही. १९३९ साली कैरो येथे रिचर्ड बर्गमन यांच्या साथीने त्यांनी पुरुष दुहेरीचे विश्वविजेतेपद पटकावले. एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी व सांघिक मिळून त्यांनी एकूण २२ विश्वविजेतेपदे मिळवली.

पुढे ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि या खेळाच्या प्रसारासाठी झटले. १९७२ साली पेरू देशातील लिमा येथे त्यांचे निधन झाले. भारतातील राष्ट्रीय स्पर्धेच्या पुरुष सांघिक चषकालाही त्यांचे व त्यांचे सहकारी बेलाक यांचे नाव देण्यात आले.