बी. रघुनाथ : कचेरीतला कवी

मराठी कवितेचा इतिहास पुण्या-मुंबईकडून लिहिला गेला, अशी तक्रार आपण मराठवाड्यातले विद्यार्थी नेहमी करतो. पण आपल्याच मातीतल्या कवीचे संग्रह आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहेत? गेल्या वर्षी मी एक नेम धरला होता. दर पंधरवड्याला एक कवितासंग्रह वाचायचा, आणि तोही प्रकाशनाच्या क्रमाने. या वाटेवर १९४१ या सालापाशी मला बी. रघुनाथ भेटले.

भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १९१३ चा, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना या गावचा. शिक्षण हैदराबादला, विवेकवर्धिनी शाळेत झाले. मॅट्रिकनंतर पुढे शिकणे झाले नाही. निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करून ते परभणीला आले आणि अखेरपर्यंत कारकूनच राहिले.

तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. राज्यकारभाराची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतून. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० मध्ये. लातूर तर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडावे लागले. अशा दिवसांत हा माणूस दिवसभर सरकारी कागद हाताळी आणि उरलेल्या वेळात मराठीत लिही. कविता, कथा, कादंबरी, ललित निबंध, सारे काही!

‘आलाप आणि विलाप’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह १९४१ चा. माझ्या यादीत त्याच्या लगेच पुढे १९४२ ची ‘विशाखा’ होती, आणि काही पंधरवड्यांनी मर्ढेकरांच्या १९४७ च्या ‘काही कविता’. हे संग्रह क्रमाने वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. परभणीचा हा कारकून मराठी कवितेच्या प्रवाहाबाहेर काठावर उभा नव्हता. तो त्या प्रवाहातच होता. ‘मराठवाड्याचा कवी’ असा शिक्का मारून आपणच त्याला काठावर बसवले आहे. त्याचा अभिमान आपण सभेत बाळगतो, पुस्तक मात्र कपाटातच राहते.

पहिल्या संग्रहात मला आर्त, हळवा सूर अधिक जाणवला. पण पुढची वर्षे हळवेपणाला जागा देणारी नव्हती. महायुद्ध, महागाई, रझाकारांचा धुमाकूळ आणि १९४८ ची पोलीस कारवाई, हे सारे त्यांनी परभणीत राहून पाहिले. ‘म्हणे लढाई संपली’ आणि ‘जगाला कळले पाहिजे’ ही त्यांच्या कादंबऱ्यांची नुसती नावे वाचली तरी लेखकाची अस्वस्थता कळते.

७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीत काम करीत असतानाच त्यांना मृत्यूने गाठले. वय अवघे चाळीस! ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा दुसरा कवितासंग्रह १९५५ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात निघाला. पहिल्या संग्रहानंतर चौदा वर्षांनी आलेले हे पुस्तक हाती घेतले तेव्हा ते पाहायला कवी उरला नव्हता, हा विचार माझ्या मनातून जाईना.

आज परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे, त्यांच्या स्मृतिदिनी कार्यक्रम होतात. हे योग्यच आहे. पण कवीचे खरे स्मारक म्हणजे त्याचा वाचक.

आपल्यापैकी पुष्कळ जण स्पर्धा परीक्षांच्या तयारीत आहेत. नोकरी लागली की वाचन सुटणारच, असे आपण आतापासूनच धरून चालतो. बी. रघुनाथांचे आयुष्य सुखाचे होते असे कोणी म्हणू नये. कारकुनी आणि लेखन यांचे दुहेरी ओझे त्यांनी वाहिले. पण त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. त्यांनी चौदा वर्षांच्या अंतराने दोन संग्रह आपल्या हाती दिले. ते वाचायला आपल्याला दोन पंधरवडे पुरतात.