शिळेवरील चित्रकार ऑनोरे दोमिए

अलीकडे कित्येक विद्यार्थी कागद-पेन्सिलीऐवजीं कांचेच्या पडद्यावर चित्रें काढूं लागले आहेत. रेघ चुकली तर ती तत्काळ पुसतां येते, रंग वाटेल तितक्या वेळां बदलतां येतात आणि पुरें झालेलें चित्र क्षणांत हजारों लोकांपुढें जाऊं शकतें. इतकें सोपें झाल्यावर त्या कामांत मोल तें काय राहिलें, अशी शंका पुष्कळ पालकांच्या मनांत येते. ही शंका नवी नाहीं. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं फ्रान्स देशांत असेंच एक स्वस्त आणि जलद साधन चित्रकारांच्या हातीं आलें होतें. त्या साधनावर चाळीस वर्षें पोट भरणाऱ्या आणि त्यापायीं तुरुंगवासहि सोसणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र आज वाचकांस सादर करीत आहों.

ऑनोरे दोमिए याचा जन्म २६ फेब्रुवारी १८०८ रोजीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेय शहरीं झाला. बाप कांचकाम करणारा कारागीर. पण त्याला कवितेचा नाद होता. कवि म्हणून नांव मिळवावें या आशेनें तो पॅरिसला गेला आणि १८१६ सालीं त्याचें कुटुंबहि मागोमाग तेथें आलें. कीर्ति मिळाली नाहीं, दारिद्र्य मात्र पदरीं पडलें. त्यामुळें ऑनोरेला लहान वयांतच नोकरी धरावी लागली. प्रथम तो न्यायालयाचे हुकूम बजावणाऱ्या एका अंमलदाराचा निरोप्या झाला आणि पुढें एका पुस्तकविक्याच्या दुकानांत राहिला. कोर्टाच्या जिन्यांवरून धांवतांना त्यानें गर्विष्ठ वकील, पेंगणारे न्यायाधीश आणि भेदरलेले गरीब पक्षकार पाहिले. तीं माणसें त्याच्या मनांतून पुढें कधीं गेलीं नाहींत.

मुलाचा ओढा चित्रकलेकडे आहे हें पाहून बापानें त्याला आलेक्सांद्र लनुआर या ओळखीच्या जाणत्या गृहस्थाकडे शिकावयास धाडलें. फावल्या वेळीं ऑनोरे लूव्र संग्रहालयांत जाऊन जुन्या मूर्तींवरून चित्रें काढी. पण घरचें भागणें जरूर होतें. म्हणून त्यानें शिळाछापाचा धंदा शिकून घेतला.

हा शिळाछाप बव्हेरियांतील आलोइस सेनेफेल्डर यानें १७९६ च्या सुमारास शोधून काढला. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहींत, एवढ्याच साध्या गोष्टीवर तो उभारलेला आहे. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर चरबीच्या खडूनें चित्र काढावयाचें, गोंद व आम्ल लावून तें पक्कें करावयाचें, मग शिळा ओली करून तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. जेथें रेघ आहे तेथें शाई धरते. जेथें शिळा ओली आहे तेथें ती धरत नाहीं. वर कागद ठेवून दाबला कीं चित्र उमटतें. तत्पूर्वीं चित्र छापावयाचें म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर किंवा लांकडी ठोकळ्यावर तें कोरून घ्यावें लागे आणि त्यांत पुष्कळ वेळ जाई. शिळेवर चित्रकाराच्या हातची रेघ जशीच्या तशी कागदावर येऊं लागली. मात्र चित्र उलटें काढावें लागे; आणि छपाई संपल्यावर शिळा घासून पुन्हां कोरी करीत. आपल्याकडे मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें तें याच रीतीनें.

त्याच १८३१ सालीं पॅरिसमध्यें दोमिएच्या आयुष्याला वळण लागलें. आदल्या वर्षीं क्रांति होऊन लुई फिलिप गादीवर आला होता. प्रजेला स्वातंत्र्य देण्याचें त्याचें अभिवचन हळूंहळूं मागें पडलें. शार्ल फिलिपाँ नांवाच्या धाडसी संपादकानें ‘ला कारिकात्युर’ हें साप्ताहिक काढून राजावर टीकाचित्रांचा मारा चालविला होता. दोमिए त्याला येऊन मिळाला. डिसेंबर १८३१ मध्यें त्यानें राजाला एका बकासुरासारख्या राक्षसाच्या रूपांत काढलें. फाटक्या वस्त्रांचे गरीब लोक नाण्यांच्या टोपल्या घेऊन एका फळीवरून चढत आहेत, त्या राजाच्या तोंडांत रित्या होत आहेत आणि आसनाखालीं हुजऱ्यांना पदव्या व सनदा मिळत आहेत, असें तें चित्र होतें. अक्षर न वाचतां येणाऱ्यालाहि त्याचा अर्थ समजला. सरकारलाहि तो समजला. दोमिएला सहा महिने कैद आणि पांचशें फ्रँक दंड अशी शिक्षा झाली. प्रथम ती तहकूब राहिली. परंतु त्यानें हात आवरला नाहीं, तेव्हां ऑगस्ट १८३२ मध्यें त्याला पकडून सेंत पेलाजीच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. त्या वेळीं तो चोवीस वर्षांचा होता आणि आईबापांचा भार त्याच्यावरच होता.

फेब्रुवारी १८३३ मध्यें सुटून आल्यावर तो पुन्हां शिळेपुढें बसला. समोर माणूस बसवून चित्र काढण्याची त्याला संवय नव्हती. तो विधिमंडळांतील सभासदांचें निरीक्षण करी आणि आठवणीनें त्यांचीं लहान लहान मातीचीं मस्तकें घडवी. त्या मस्तकांपैकीं छत्तीस आजहि पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत. शिळेवर घाईनें काम करणाऱ्या या मनुष्याची खरी तयारी अशी शिळेपासून दूर चाले.

एप्रिल १८३४ मध्यें पॅरिसमध्यें दंगा झाला. त्रांसनोनें नांवाच्या रस्त्यावरील एका घरांतून गोळी आली असें समजून सैनिक त्या घरांत शिरले आणि तेथें राहणाऱ्या निरपराध माणसांना त्यांनीं ठार मारलें. दोमिएनें यावर चित्र काढलें. त्यांत राजा नाहीं, सैनिक नाहीं, विनोद तर मुळींच नाहीं. अंथरुणाशेजारीं झोपेच्या वस्त्रांत एक मनुष्य मरून पडला आहे आणि त्याच्या देहाखालीं एक तान्हें मूल आहे. बाजूला एक स्त्री आणि एक वृद्ध गतप्राण होऊन पडलीं आहेत. एवढेंच. पत्रावरील दंड भागविण्यासाठीं जी मासिक चित्रमाला वर्गणीदारांना देत, तींतलें हें एक चित्र होतें. सरकारनें ती शिळा आणि हातीं लागल्या तितक्या प्रती जप्त केल्या. तरी कांहीं वांचल्या आणि त्यांच्यामुळें त्या घरांतील निनांवी माणसें जगाच्या स्मरणांत राहिलीं.

पुढच्या वर्षीं, म्हणजे सप्टेंबर १८३५ मध्यें, परवानगीवांचून कोणतेंहि चित्र छापूं नये असा कायदा झाला. ‘ला कारिकात्युर’ बंद पडलें होतें. येथें दोमिए कायद्यापुढें नमला, असें प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे. राजाला सोडून तो ‘ल शारिवारी’ या दैनिकांत समाजाचीं चित्रें काढूं लागला. लबाड भांडवलवाला, ढोंगी वैद्य, भाडेकरूंना पिळणारा घरमालक आणि लहानपणीं पाहिलेले ते वकील व न्यायाधीश, हे सारे त्याच्या शिळेवर आले. मात्र ज्याला तो हंसे त्याचा द्वेष करीत नसे, आणि दुबळ्याला तर तो कधींच हंसला नाहीं. या पत्राची कीर्ति इतकी पसरली कीं १८४१ सालीं लंडनला ‘पंच’ निघालें, तेव्हां लंडनचें शारिवारी असें उपनांव त्यानें घेतलें. आणि त्या ‘पंच’च्या धर्तीवर मुंबईस ‘हिंदी पंच’ निघालें.

दोमिएला मोबदला मिळे तो शिळेगणिक. आजच्या स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चित्रकाराप्रमाणेंच काम दिलें तर पैसे, नाहीं तर उपास. उभ्या आयुष्यांत त्यानें सुमारें चार हजार शिळाचित्रें काढलीं. म्हणजे चाळीस वर्षें दर आठवड्यास सरासरी दोन. चित्राखालील मजकूर बहुधा दुसरेच लिहीत. त्याचें मन मात्र रंगचित्रांत होतें. सेन नदीच्या काठीं राहत असतां मुलाचा हात धरून घाट चढणारी धोबीण, आगगाडीच्या तिसऱ्या वर्गांत बसलेलीं दमलेलीं माणसें, असे विषय तो रंगवी. पण त्यांना वेळ मिळे तो शिळेचें काम उरकल्यावर. १८६० सालीं पत्रानें त्याला काढून टाकलें. हातीं वेळ आला, पण घरांत पैसा उरला नाहीं. आणि तीन वर्षांनीं तो पुन्हां शिळेकडे परतला. १८७० सालीं सरकारनें देऊं केलेला मानाचा किताब मात्र त्यानें गाजावाजा न करतां नाकारला.

ज्या डोळ्यांनीं त्यानें सारें पॅरिस पाहिलें ते उतारवयांत मंद होत गेले आणि काम थांबलें. पॅरिसजवळच्या वाल्मोंदुआ गांवीं त्याला राहतें घर मिळवून दिलें तें चित्रकार कोरो यानें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. १८७८ सालीं मित्रांनीं त्याच्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें. कवि व्हिक्टर ह्यूगो त्याचा अध्यक्ष होता. जाणत्यांनीं वाहवा केली, पण खर्चहि भरून आला नाहीं. १० फेब्रुवारी १८७९ रोजीं दोमिए वारला. दुसऱ्या वर्षीं त्याचा देह पॅरिसच्या पेर लाशेझ स्मशानभूमींत आणून पुरण्यांत आला. आज त्याचीं तीं रंगचित्रें मोठमोठ्या संग्रहालयांचीं भूषणें आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, शिळाछाप त्या काळीं पॅरिसमधील शेंकडों चित्रकारांच्या हातीं होता. तीच शिळा, तोच खडू, तीच शाई. त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. दोमिएला शिळेनें वेग दिला आणि त्याचें चित्र गल्लोगल्लीं पोंचविलें; पण काय पाहावें, कोणाची बाजू घ्यावी आणि कशासाठीं किंमत मोजावी, हें त्याला शिळा सांगूं शकली नाहीं. तें त्यानें स्वतः ठरविलें. तुमच्या हातचा पडदा दोमिएच्या शिळेहून कितीतरी हलका आणि चपळ आहे. त्यावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीं आपल्या गल्लींतील, बाजारांतील आणि आगगाडींतील माणसें डोळे भरून पाहा. पालकांनींहि मूल पडद्यापुढें बसलेलें दिसतांच रागावूं नये. तें काय काढीत आहे आणि कां काढीत आहे, एवढें त्याच्याजवळ बसून विचारावें.