सय्यदना ताहेर सैफुद्दीन : नवी विद्या, जुना अधिकार

सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचा जन्म १८८८ साली मुंबईत झाला. १९१५ मध्ये ते दाऊदी बोहरा समाजाचे ५१ वे दाई झाले. अरबीत काव्य व प्रबंध रचणाऱ्या या विद्वानाने, १८१४ मध्ये स्थापन झालेल्या सुरतच्या विद्यापीठात धर्माध्ययनाला आधुनिक विषयांची जोड दिली. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलपतिपदही त्यांनी भूषविले. परंतु समाजातून बहिष्कृत करण्याचा धर्मगुरूचा अधिकार त्यांनी सोडला नाही. तो अधिकार काढून घेणाऱ्या मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्याला त्यांनी आव्हान दिले व १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. १९६५ मध्ये माथेरान येथे त्यांचे निधन झाले. समूहाचे धर्मस्वातंत्र्य आणि व्यक्तीचे हक्क यांतील वाद त्यांच्या पश्चातही शमला नाही.