हेमाडपंतांचा साचा

निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर किंवा औंढ्याचे नागनाथ मंदिर पाहताना आपण सहज म्हणून जातो, ही हेमाडपंती बांधणी. चुन्यावाचून दगडात दगड बसविण्याच्या या पद्धतीला ज्यांचे नाव चिकटले, ते हेमाद्री पंडित गवंडी नव्हते की शिल्पी नव्हते. यांपैकी कितीतरी मंदिरे त्यांच्याही आधीची आहेत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हेमाडपंतांची खरी बांधणी दगडाची नव्हे, अक्षरांची होती.

वत्स गोत्रातील कामदेवांचे हे पुत्र. देवगिरीचे यादव राजे महादेव (१२६१ ते १२७१) आणि त्यांच्यामागून रामचंद्र (१२७१ ते १३११) या दोघांच्याही पदरी ते श्रीकरणाधिप होते. श्रीकरणाधिप म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य अधिकारी. एवढा व्याप सांभाळून त्यांनी 'चतुर्वर्गचिंतामणी' हा व्रत, दान, तीर्थ आणि मोक्ष यांचा अवाढव्य ग्रंथ सिद्ध केला, वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली आणि बोपदेवासारख्या वैयाकरणाला आश्रय दिला. मोडी लिपी त्यांनी रूढ केली, असे परंपरा सांगते. महानुभाव वाङ्मयात मात्र त्यांचे चित्र चक्रधरांचे विरोधक म्हणून येते.

दप्तराच्या कामातूनच आलेले 'मेस्तक' हे प्रकरण त्यांच्या नावावर सांगितले जाते. कोणाला पत्र लिहिताना कोणता मायना घालावा, मजकूर कसा मांडावा, याचे नियम त्यात येतात. वडिलांना तीर्थरूप, मुलाला चिरंजीव, सरदाराला राजमान्य राजश्री, ही मराठी पत्रांची रीत याच वळणाची. पत्राचा सांगाडा ठरलेला. नाव, हुद्दा आणि नाते यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या. पत्र कोणाला जायचे हे कळले, की कारकून त्या जागा भरीत असे.

आज संगणक हेच करतो. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील हजारो विद्यार्थ्यांच्या परीक्षा प्रवेशपत्रांसाठी कोणी हजार मजकूर लिहीत नाही. साचा एकच असतो. त्यात नाव, विषय, केंद्र अशा खुणा महिरपी कंसात ठेवलेल्या असतात. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती एका गाठोड्यात बांधलेली असते. प्रोग्राम चालू असताना संगणक खूण वाचतो, गाठोड्यातून त्याच नावाची वस्तू शोधतो आणि त्या जागी ठेवतो. साचा आधी लिहिलेला, अर्थ ऐनवेळी भरलेला! मात्र एक पथ्य पाळावे लागते. मोकळ्या जागेत आलेला मजकूर संगणकाने केवळ मजकूर म्हणून घ्यावा, आज्ञा म्हणून घेऊ नये. नाहीतर अर्जदाराने लिहिलेल्या ओळीलाच राजाचा हुकूम समजून कारकुनाने अंमल करावा, तसा अनर्थ घडतो. म्हणून जाणते प्रोग्रामर ठरलेल्या खुणांखेरीज दुसरे काही चालू देत नाहीत.

पण मला हेमाडपंतांच्या साच्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. साचा निर्विकार दिसतो, परंतु त्यातील जागा कोणत्या असाव्यात हे माणूसच ठरवतो. जुन्या मायन्यांत वेदशास्त्रसंपन्न कोण, सौभाग्यवती कोण आणि गंगाभागीरथी कोण, हे पत्र उघडण्यापूर्वीच ठरलेले असे. विधवेला तिचे वैधव्य दरवेळी पहिल्याच ओळीत वाचावे लागे. शेतमजुराला तर बहुधा मायनाच नव्हता, कारण त्याला पत्र लिहिणार कोण? ज्यांच्या घरात आधी कोणी अर्ज लिहिला नाही, अशा आम्हा विद्यार्थ्यांना हे लवकर कळते. खिडकीपलीकडच्या माणसाला आपली अडचण कळण्याआधी आपला अर्ज नमुन्यात बसतो की नाही, हेच पाहिले जाते.

तरीही साच्याचा राग धरणे योग्य नव्हे. नमुना एकदा उमगला, की तो कोणाच्याही हाती चालतो. मोठ्या घरचा अर्ज आणि आमचा अर्ज त्यात सारखाच दिसतो. सातशे वर्षांपूर्वीच्या या कारभाऱ्याकडून आपण शिस्त जरूर घ्यावी. मात्र साच्यात कोणती जागा मोकळी ठेवायची आणि कोणती कायमची पुसून टाकायची, हा निर्णय आता आपल्या पिढीने करावयाचा आहे.